जादा विजेचे काय करायचे: मोटारसायकलच्या रेग्युलेटरचा इतिहास

मोटारसायकलचे इंजिन एका वेगाने कधीच फिरत नाही. सिग्नलला ते मिनिटाला हजारभर फेरे घेते, मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा हजार. वीज निर्माण करणारे यंत्र याच इंजिनाला जोडलेले असल्याने विजेचा दाबही त्या प्रमाणात खालीवर होतो. बॅटरीला मात्र हा चढउतार चालत नाही. बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला चार्ज होण्यासाठी साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट लागतात. त्याहून कमी दाब दीर्घकाळ मिळाला तर प्लेटांवर सल्फेट साचते आणि बॅटरी उतरते. जास्त मिळाला तर आतले पाणी उडून जाते, प्लेटा वाकतात आणि बल्ब जातात. या दोन टोकांच्या मध्ये वीज धरून ठेवणारा भाग म्हणजे रेग्युलेटर. गेल्या शंभर वर्षांत त्याचे रूप पाच-सहा वेळा बदलले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: गरजेपेक्षा जास्त वीज तयार झाली, तर तिचे करायचे काय?

सुरुवातीच्या गाड्यांना हा प्रश्न पडलाच नाही. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटो स्वतंत्रपणे देत असे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि पुढची कित्येक दशके तोच मोटारसायकलचा आधार राहिला. पुढचा दिवा कार्बाइडचा. खड्यांवर थेंब थेंब पाणी टाकून तयार होणाऱ्या ॲसिटिलिन वायूवर तो जळे. बॅटरी नव्हती, त्यामुळे ती भरण्याचा प्रश्नही नव्हता. अमेरिकेच्या इंडियन कंपनीने १९१४ साली ‘हेंडी स्पेशल’ या गाडीला विजेचा स्टार्टर दिला खरा, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाही आणि हा प्रयोग लगेच गुंडाळावा लागला. मोटारसायकलवर वीज तयार करण्यापेक्षा ती साठवणे आणि आवरणे अवघड आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

१९२० च्या दशकात विजेचे दिवे रुळू लागले. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचा ‘मॅगडायनो’ ब्रिटिश मोटारसायकलींवर सर्वत्र दिसू लागला: खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्याने आवळलेला छोटा डायनॅमो, दोघांना एकच गिअर. डायनॅमोची वीज सहा व्होल्टची आणि डीसी. तिला आवर घालण्याची पहिली तऱ्हा तिसऱ्या ब्रशची होती. डायनॅमोच्या दोन मुख्य कार्बन ब्रशांखेरीज तिसरा ब्रश कम्युटेटरवर अधल्यामधल्या जागी टेकवायचा आणि डायनॅमोचे चुंबकक्षेत्र निर्माण करणाऱ्या फील्ड कॉइलला त्याच्यावरून वीज द्यायची. आर्मेचरमधून प्रवाह वाढला की त्याच्या स्वतःच्या चुंबकत्वाने आतले क्षेत्र तिरके होते, तिसऱ्या ब्रशाला मिळणारा दाब घटतो, फील्ड कमजोर पडते आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. वेगळे यंत्र नाही, हलणारा संपर्क नाही. युक्ती मोठी देखणी होती.

पण ती प्रवाह आवरत होती, दाब नव्हे. बॅटरी रिकामी असो वा काठोकाठ भरलेली, डायनॅमो तिच्यात सारख्याच प्रमाणात वीज ओतत राही. म्हणून दिव्याच्या स्विचवर पूर्ण चार्ज आणि अर्धा चार्ज अशा जागा ठेवलेल्या असत. दिवसा लांबचा प्रवास असेल तर अर्ध्यावर ठेवायचे, रात्री दिवा लावला की पूर्ण. हा निर्णय चालवणाऱ्याने घ्यायचा. म्हणजे पहिला खरा रेग्युलेटर गाडीचा मालकच होता, आणि तो विसरला की बॅटरीचे पाणी आटे. बॅटरीची तार सुटली तर याहून वाईट: प्रवाहाला वाट न मिळाल्याने दाब उसळे आणि सगळे बल्ब एकदम उडत.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर लुकासने व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर मोटारसायकलींवर आणला. पुढे एमसीआर-१ आणि एमसीआर-२ या नावांनी ओळखली गेलेली ती काळी पेटी सीटखाली किंवा बॅटरीशेजारी बसे. झाकण उघडले की आत दोन कॉइली दिसत. त्यातली एक कट-आउटची. इंजिन बंद असताना किंवा अगदी संथ फिरत असताना डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो. तेव्हा दोघांचा संबंध तोडला नाही तर बॅटरीच डायनॅमोला मोटरसारखे फिरवू पाहते आणि रिकामी होते. डायनॅमोचा दाब साडेसहा व्होल्टच्या आसपास पोहोचला की कट-आउटचा संपर्क मिटतो आणि चार्जिंग सुरू होते.

दुसरी कॉइल रेग्युलेटरची. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला, उघड्या सर्किटवर ही मर्यादा आठ व्होल्टच्या जवळ असे, की कॉइल लोखंडी पट्टी खेचते, संपर्क उघडतो आणि फील्डच्या वाटेत एक रोध येतो. फील्ड कमजोर होते, दाब उतरतो, पट्टी सुटते, संपर्क पुन्हा मिटतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. झाकणावर बोट ठेवले तर थरथर जाणवते. बॅटरी भरत आली की चार्ज आपोआप कमी होई, रिकामी असली की वाढे. शिवाय त्याच गाभ्यावर जाड तारेचे काही वेढे होते आणि त्यांतून बॅटरीकडे व दिव्यांकडे जाणारा प्रवाह वाहे. भार फार वाढला तर हे वेढे कॉइलला हातभार लावून दाबाची मर्यादा थोडी खाली आणीत, म्हणजे छोट्या डायनॅमोवर ताण येत नसे. पट्टीच्या स्प्रिंगमध्ये उष्णतेने वाकणारा दुहेरी धातू वापरला जाई, कारण थंडीत बॅटरीला जास्त दाब लागतो आणि उन्हाळ्यात कमी. एवढे सगळे काडेपेटीच्या दोन-तीनपट आकाराच्या डब्यात, एकही इलेक्ट्रॉनिक भाग नसताना. पुढच्या काळात लुकासच्या नावाने अंधाराचे जे विनोद झाले, ते या यंत्राच्या बाबतीत तरी अन्यायाचे आहेत.

या पेटीचा मोठा गुण पुढे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती जादा वीज तयार होऊ देत नव्हती. फील्ड कमी केले की डायनॅमो तेवढीच वीज बनवी, इंजिनावरचा भारही तेवढाच पडे, आणि उष्णतेत फुकट काही जात नसे. दोष होता तो संपर्कांचा. सतत ठिणग्या पडून ते काळे पडत, खड्डे पडत, कधी चिकटून बसत. मग पॉलिश पेपरने घासायचे, स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा आणि ॲमीटरच्या काट्याकडे पाहून अंदाज करायचा, असा शिरस्ता पडला. हा अंदाज बहुधा चुकत असे. मापन उघड्या सर्किटवर, चांगल्या व्होल्टमीटरने आणि पेटी गरम होण्याआधी करायचे असते. काट्याकडे पाहून स्क्रू फिरवणारा पेटी दुरुस्त करण्याऐवजी बॅटरीचे आयुष्य कमी करत असे.

भारतात या पिढीची सर्वांत परिचित गाडी म्हणजे जावा. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला तिचे उत्पादन सुरू केले. पुढे तीच येझदी झाली. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या या रचनेत सहा व्होल्टचा डायनॅमो थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर होता आणि कट-आउटसह रेग्युलेटर वेगळ्या डब्यात. ब्रिटिश गाडीतला मॅग्नेटो इथे नव्हता. ठिणगीसुद्धा बॅटरीच्या विजेवर. त्यामुळे रेग्युलेटर बिघडला तर दिवाच नव्हे, गाडीच बंद. ज्या गावात दुसरी बॅटरी मिळत नसे तिथे जावाचा मालक लाल चार्जिंग दिव्यावर नजर ठेवूनच गाडी चालवी.

डायनॅमोला पर्याय म्हणून अल्टरनेटर आला तो १९५३ मध्ये, ट्रायम्फच्या स्पीड ट्विनवर. क्रँकशाफ्टच्या टोकाला कायम चुंबकाचा रोटर आणि त्याभोवती सहा स्थिर कॉइली. ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, झिजणारे काहीच नाही. पण या बदलात एक गोष्ट हातची गेली. कायम चुंबकाला फील्ड कॉइल नसते, म्हणून फील्ड कमी करता येत नाही. इंजिन फिरेल तितकी वीज तयार होणारच. आधीच्या पेटीने उगमाशीच सोडवलेला प्रश्न पुन्हा उघड्यावर आला.

लुकासचे पहिले उत्तर थोडे मागे जाणारे होते. दिव्याचा स्विच बंद असताना काहीच कॉइली चार्जिंगला जोडायच्या, छोटा दिवा लावला की जास्त, मोठा दिवा लावला की सगळ्या सहा. म्हणजे पुन्हा मालकाच्या हातातला अर्धा आणि पूर्ण चार्ज, फरक इतकाच की तो आता दिव्याच्या स्विचमध्ये लपला होता. या पद्धतीत दिवसा लांबच्या प्रवासात बॅटरी उकळे आणि शहरातल्या रात्रीच्या संथ फेऱ्यांत उतरे. एसीची डीसी करण्यासाठी सेलेनियमच्या चौकोनी प्लेटांचा रेक्टिफायर असे. काळाबरोबर त्यातून उलटी गळती सुरू होई, आणि कुणी मधला नट जास्त आवळला किंवा प्लेटा फिरवल्या तर तो कायमचा जाई. म्हणून जुन्या अल्टरनेटरच्या गाड्यांवर सर्वांत आधी झालेली सुधारणा म्हणजे सेलेनियमच्या जागी चार सिलिकॉन डायोडांचा छोटा ठोकळा. खर्च किरकोळ, काम वीस मिनिटांचे. आजही सहा व्होल्टची ब्रिटिश गाडी मूळ अवस्थेत राखायची असेल तर एवढा एकच बदल पुरेसा ठरतो.

भारतातल्या बुलेटची कथा याच वळणावर सुरू होते. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. ब्रिटनमध्ये १९४९ साली आलेल्या बुलेटवर लुकासचा मॅगडायनो होता. भारतात दशकानुदशके बनत राहिली ती अल्टरनेटरची बुलेट, प्रायमरी चेनच्या तेलात फिरणाऱ्या रोटरसह आणि बॅटरीवर चालणाऱ्या, ठिणगीच्या पॉइंटसह. ब्रिटनमध्ये हे तंत्र इतिहासजमा झाले तेव्हा इथे ते रोजच्या वापरात होते. हेडलाइटच्या डोक्यावरचा ॲमीटर हा बुलेटवाल्यांचा जिव्हाळ्याचा विषय: ब्रेक दाबला की काटा वजा बाजूला झुकणार, ॲक्सिलरेटर दिला की अधिक बाजूला. तो काटा चार्जिंगची दिशा सांगतो, बॅटरीवरचा दाब सांगत नाही, हे मात्र अनेकांना उमगत नसे. काटा अधिक बाजूला गेला म्हणून खूश झालेल्या मालकाची बॅटरी त्याच वेळी जास्त दाबाने आटत असण्याची शक्यता पुरेपूर होती.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिश मोटारसायकली बारा व्होल्टवर गेल्या आणि त्यांच्यासोबत झेनर डायोड आला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये ज्या विद्युत् घटनेचे विवेचन केले तिच्यावरून या डायोडाला नाव मिळाले. ठरावीक दाबापर्यंत तो वीज अडवतो आणि त्यापुढे मोकळी वाट देतो. बॅटरीच्या टोकांवर तो आडवा जोडला की पंधरा व्होल्टच्या आसपास दाब पोहोचताच जादा वीज त्याच्यातून वाहून उष्णता होऊन जाते. स्विचमधले कॉइलींचे गुंतागुंतीचे फेरफार संपले. सहाही कॉइली कायम जोडलेल्या. पण उष्णता कुठे तरी जायला हवी. म्हणून झेनर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवत, आणि १९६८ पासून ट्रायम्फने तो हेडलाइटखाली पंख असलेल्या गोल ठोकळ्यावर नेला, जिथे समोरचा वारा थेट लागतो. डायोडाचा आटा तांब्याचा आणि नाजूक असल्याने जोर लावून आवळला की तुटे. त्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये वॉशर घातला तर उष्णता पुढे जात नसे आणि तो जळे. या दोन चुकांनी जितके झेनर गेले तितके स्वतःच्या दोषाने गेले नसतील.

जपानी कंपन्यांनी मोठ्या गाड्यांसाठी सुरुवातीला जुनीच शहाणी वाट धरली. १९६९ च्या होंडा सीबी-७५० च्या अल्टरनेटरला फील्ड कॉइल होती, तीही ब्रशांशिवाय, आणि तिला आवरणारा रेग्युलेटर थरथरत्या संपर्काचा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या लुकासच्या पेटीशी त्याचे नाते उघड आहे. लवकरच मात्र बहुतेक कारखाने तीन फेजच्या कायम चुंबकाच्या अल्टरनेटरकडे वळले. तो स्वस्त, हलका आणि अरुंद. त्याची जादा वीज आवरायला आता थायरिस्टर हाताशी होता. जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये बाजारात आणलेला हा अर्धवाहक स्विच काही काळात इतका स्वस्त झाला की मोटारसायकलच्या रेग्युलेटरमध्ये त्याला घेणे परवडू लागले. दाब साडेचौदा व्होल्टच्या वर गेला की थायरिस्टर अल्टरनेटरच्या तारा आपसांत शॉर्ट करतात आणि वीज बॅटरीकडे न जाता कॉइलींतच फिरत राहते. यालाच शंट रेग्युलेटर म्हणतात. रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच पंखदार ठोकळ्यात आले. मराठी मेकॅनिक त्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात.

शंट पद्धतीचा तोटा नीट समजून घ्यायला हवा, कारण जुन्या जपानी गाड्यांच्या चार्जिंगच्या तक्रारींचा मोठा भाग तिच्यापाशी पोहोचतो. दिवे बंद असोत, बॅटरी भरलेली असो, कॉइलींमधून जवळजवळ पूर्ण प्रवाह सतत वाहतो. म्हणजे गरज कमी तेव्हा कॉइलींचे काम कमी होत नाही. कॉइली तापतात, तारेवरचे वार्निश करपते, आणि एक दिवस फेज शॉर्ट होते. थायरिस्टर स्वतःही दर अँपिअरमागे वॉटभर उष्णता करतो. वीस अँपिअर वळवताना ठोकळ्यात वीस-पंचवीस वॉट सहज जमा होतात. तो ठोकळा इंजिनाजवळ किंवा सीटखाली वारा नसलेल्या जागी बसवला तर आतला भाग जळतो. कनेक्टरचा पिवळा प्लास्टिक साचा तपकिरी होऊन वितळणे हे याचे नेहमीचे लक्षण. १९७७ पासूनच्या सुझुकी जीएस मालिकेत तर अल्टरनेटरची एक तार हेडलाइटच्या स्विचमधून फिरवून आणली होती, म्हणजे दिवा बंद असला तर तेवढे उत्पादन बाद. १९५३ च्या ट्रायम्फचीच कल्पना, चोवीस वर्षांनी. या गाड्यांवर ती तार स्विच वगळून सरळ जोडणे आणि बॅटरीचा दाब वेगळ्या तारेने मोजणारा होंडाचा आरआर युनिट बसवणे, ही जगभरच्या जीएस मालकांची ठरलेली दुरुस्ती झाली. मोजण्याच्या त्या वेगळ्या तारेला कारण आहे: जुन्या वायरिंगमध्ये अर्धा व्होल्ट सहज हरवतो, आणि रेग्युलेटर स्वतःच्या टोकापाशीच मोजत असेल तर त्याला सगळे ठीक वाटते पण बॅटरी उपाशी राहते.

भारतातल्या लहान गाड्यांनी आणखी एक काटकसर केली. मोठा दिवा रेक्टिफायरमधून न नेता थेट अल्टरनेटरच्या एसीवर चालवला आणि बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर यांसारखी कामे ठेवली. नंतरच्या बारा व्होल्टच्या अनेक बुलेटवरही मोठा दिवा असाच होता. परिणाम घाटात कळतो: चढताना इंजिन फिरत असते तोवर उजेड, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की नेमका वळणावर दिवा मंद. त्यावरचा उपाय म्हणून कॉइल प्लेटचे अर्थिंग सोडवून, पूर्ण लहरीचा आरआर युनिट लावून सगळी वीज बॅटरीमार्गे नेण्याची पद्धत गॅरेजांमध्ये रूढ झाली. ‘फुल डीसी करणे’ हे तिचे नाव. काम नीट झाले तर दिवा स्थिर राहतो. अर्थिंग तसेच ठेवून नुसता नवा युनिट लावला तर अर्धी लहर वाया जाते आणि चार्जिंग पूर्वीपेक्षाही घटते. एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट कायम लावून ठेवणे बंधनकारक झाले, म्हणजे दिव्याचा भार चार्जिंगवर सदाचाच झाला.

पुढची पायरी मॉसफेट या आणखी एका अर्धवाहक स्विचची. जपानच्या शिंदेनगेन कंपनीच्या एफएच-०२० सारख्या युनिटांत थायरिस्टरच्या जागी मॉसफेट आले. शॉर्ट करण्याची पद्धत तीच, पण स्विचमध्ये हरवणारा दाब नगण्य, त्यामुळे ठोकळा थंड राहतो. कॉइलींवरचा ताण मात्र तसाच. तो कमी झाला सीरिज रेग्युलेटरमुळे: बॅटरी भरली की हा अल्टरनेटरची वाट शॉर्ट न करता उघडी करतो. प्रवाह थांबतो आणि कॉइली थंड राहतात. त्याच कंपनीचे एसएच-७७५ आणि एसएच-८४७ हे युनिट या जातीचे; २०१४ च्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम १००० वर एसएच-८४७ कारखान्यातूनच आला. उघड्या कॉइलींवर दाब बराच चढतो, म्हणून ज्या कॉइलींचे वार्निश आधीच करपले आहे तिथे हा युनिट त्यांना वाचवू शकत नाही. चांगल्या कॉइलींवर मात्र त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. शंट पद्धत कारखान्याला स्वस्त पडली आणि तिचा खर्च मालकांनी कॉइली बदलून भरला, असाच या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब मांडावा लागतो. सीरिज रेग्युलेटर म्हणजे १९३० च्या दशकातल्या काळ्या पेटीच्या तत्त्वाकडे, जास्त वीज वाहूच न देण्याकडे, उशिरा झालेले पुनरागमन आहे.

त्या काळ्या पेटीचेही आता इलेक्ट्रॉनिक रूप मिळते. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांसाठी बनवलेले ट्रान्झिस्टरचे रेग्युलेटर इतके लहान असतात की मूळ एमसीआर-२ च्या रिकाम्या डब्यात बसतात; झाकण लावले की बाहेरून काही कळत नाही, आणि एफ, ए, डी, ई या चार टोकांच्या जोडण्याही त्याच. कट-आउटचे काम डायोड करतो, संपर्क नसल्याने जळायला काही उरत नाही. योग्य युनिट निवडला तर सहा व्होल्टचा डायनॅमो तोच ठेवून बारा व्होल्टची वीज मिळते, मात्र चार्जिंग सुरू व्हायला इंजिन जास्त फिरावे लागते आणि शहरातल्या गर्दीत हा तोटा जाणवतो.

असा बदल करण्याआधी तीन गोष्टी तपासणे भाग आहे. पहिली ध्रुवता: जुन्या ब्रिटिश गाड्यांचा अधिक ध्रुव चासीला जोडलेला असे, आणि इलेक्ट्रॉनिक युनिट उलटा जोडला तर पहिल्याच क्षणी जळतो. चासीचा ध्रुव बदलायचा असेल तर डायनॅमोलाही नवे चुंबकत्व द्यावे लागते; त्यासाठी बॅटरीची जिवंत तार एफ म्हणजे फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवतात. दुसरी गोष्ट डायनॅमोची स्वतःची प्रकृती: झिजलेले ब्रश आणि काळा कम्युटेटर कोणताही रेग्युलेटर दुरुस्त करत नाही. तिसरी म्हणजे भार. लुकासचा नेहमीचा मोटारसायकल डायनॅमो साठ वॉटचा होता, आणि आजच्या हॅलोजन बल्बला एकट्याला पंचावन्न-साठ वॉट लागतात. एलईडीचा दिवा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात तेवढाच उजेड देतो, म्हणून जुन्या गाडीवर आधी दिवे बदलावेत, मग वायरिंग आणि अर्थिंग घट्ट करावे, आणि नव्या रेग्युलेटरवर पैसे खर्च करावेत ते त्यानंतर.